कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, पण आवाज येत नाही: केबलमधून नेमकं काय जातं आणि रेकॉर्डिंग कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरात मुलीसाठी कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन घेतला आहे. ती त्यावर काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, भजनं वाजवते. घरच्यांनी प्रिंटरला लावतात ती यूएसबी केबल आणून कीबोर्ड विंडोजच्या लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपने कीबोर्ड ओळखला, पण स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. गणपतीच्या आधी हार्मोनियमचा टोन आणि तबल्याचा ठेका यांसकट तिचं रेकॉर्डिंग करायचं आहे. केबल खराब आहे, ड्रायव्हर चुकला आहे, की आणखी काही विकत घ्यावं लागेल?

तुमची केबल चांगली आहे आणि ड्रायव्हरचाही दोष नाही. या कीबोर्डच्या यूएसबीमधून आवाज जातच नाही, म्हणून तो येत नाही. त्या वाटेने जातात ते मिडीचे संदेश: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, पेडल दाबलं का, पिच बेंडचं चाक किती फिरवलं. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही पद्धत ठरली आणि आजही तीच चालते. कीबोर्डच्या मधला सा, म्हणजे मधली पांढरी एक, तुम्ही दाबलीत की लॅपटॉपला कळतं ते एवढंच: ६० नंबरची पट्टी, जोर समजा ८२. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. हार्मोनियमचा टोन कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये असतो आणि तो तिथेच राहतो. लॅपटॉपवर हे संदेश घेऊन स्वतःचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर उघडलेलं नसेल, तर सगळं बरोबर जोडूनही शांतताच राहणार.

काही कीबोर्ड त्याच केबलमधून आवाजही पाठवतात. यामाहाचा पीएसआर-ई३७३ त्यातला एक. त्यासाठी विंडोजवर यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागतो. नवा कीबोर्ड घेणाऱ्यांनी दुकानात 'यूएसबी आहे का' एवढंच न विचारता 'यूएसबी ऑडिओ आहे का' असं विचारावं. दोन्हींना भोक सारखंच असतं आणि खोक्यावरचं चित्रही सारखंच.

आता तुम्हाला कोणती वाट हवी ते बघू. तुमच्या कामासाठी माझं मत स्पष्ट आहे: मिडीच्या मागे न लागता कीबोर्डचा तयार आवाज रेकॉर्ड करा. कारण असं की मिडीवर चालणारे साधे साउंड बँक (तयार आवाजांचे संच) बहुतेक जनरल मिडी या १२८ टोनच्या यादीवर बांधलेले असतात. त्या यादीत सतार १०५ नंबरला आहे, सनई ११२ ला आहे, पण हार्मोनियम नाही. जवळचा म्हणावा असा २१ नंबरचा रीड ऑर्गन आहे, पण भजनात तो पेटीसारखा वाटत नाही. तालवाद्यांसाठी १० नंबरचं चॅनल राखलेलं आहे. त्यात बोंगो आणि कोंगा आहेत, तबला आणि ढोलकी नाही. कीबोर्डमधला ठेका मिडीवरून लॅपटॉपमध्ये नेलात तर धा-धिनच्या जागी भलतंच काहीतरी वाजेल, कारण पट्टीचा नंबर तोच राहतो आणि समोरचं वाद्य बदलतं. शिवाय साथीचे संदेश बाहेर पाठवायचे की नाही याची कीबोर्डमध्ये वेगळी सेटिंग असते आणि ती सहसा बंदच असते. म्हणून 'मिडीत फक्त माझीच बोटं रेकॉर्ड झाली, तबला आलाच नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. इंडियन टोन हवा म्हणून तुम्ही पैसे मोजलेत, तर तोच टोन रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा.

तर आवाजाची वाट. कीबोर्डच्या मागे हेडफोनचं मोठं, ६.३ मिलिमीटरचं भोक आहे. त्याच एका भोकातून डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज बाहेर पडतात. समोर दोन इनपुटचा एखादा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे वाद्याचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये नेणारा छोटा डबा. मध्ये लागते ती वाय केबल: एका टोकाला ६.३ चा एक स्टिरिओ प्लग, दुसऱ्या टोकाला ६.३ चे दोन मोनो प्लग. स्टिरिओ प्लगवर दोन काळ्या रेघा असतात, मोनोवर एक. दुकानात हातात घेऊन रेघा मोजा.

इथे एक चूक फार होते, म्हणून जरा थांबतो. दुकानदार दोन्ही टोकांना स्टिरिओ प्लग असलेली सरळ केबल देतो आणि 'हीच चालते' म्हणतो. ती इंटरफेसच्या एका इनपुटमध्ये बसतेसुद्धा आणि आवाजही येतो. पण इंटरफेसचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं: ते प्लगच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या कड्यावरचा सिग्नल वजा करतं. तुमच्या केबलमध्ये टोकावर डावा आणि कड्यावर उजवा आवाज आहे. दोन्हींत जे सारखं आहे, म्हणजे बरोबर मध्यभागी ऐकू येणारी पेटी आणि तबल्याचा मुख्य बोल, ते वजाबाकीत उडून जातं. उरतो तो फक्त घुमारा आणि कडेचा पसारा. रेकॉर्डिंग पोकळ, लांबून आल्यासारखं वाटलं की आधी केबलच्या रेघा मोजायच्या, सॉफ्टवेअरमधले इफेक्ट चाळत बसायचं नाही.

इंटरफेसवर इनपुट लाइनवर ठेवा. 'इन्स्ट' लिहिलेलं बटण गिटारसाठी आहे, ते बंद. ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी आहे, तेही बंद. कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊणभर ठेवून मग इंटरफेसचा गेन (येणारा सिग्नल वाढवणारी खुंटी) हळूहळू चढवा. मुलीला सगळ्यात जोरकस ओळ ठेक्यासकट वाजवायला सांगा. सॉफ्टवेअरमधल्या मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये नाचला पाहिजे. शून्याला टेकला तर तो आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. कीबोर्डचा व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून गेन भरपूर चढवलात तर मागे 'स्स्स' असा खळखळाट येतो. एकदा जमलं की कीबोर्डच्या व्हॉल्यूमच्या खुंटीला हात लावू नका, नाहीतर दुसऱ्या टेकला पहिल्याची पातळी जुळत नाही.

हेडफोनच्या भोकात प्लग गेला की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. वाजवणाऱ्याने इंटरफेसच्या हेडफोनमधून ऐकायचं. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर तो चालू ठेवा, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. फक्त मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येईल.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये करा. स्टिरिओला मिनिटाला साधारण १६ एमबी लागतात, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायची एमपी३ शेवटी बनवायची, रेकॉर्डिंग मात्र एमपी३ मध्ये करायचं नाही.

इंटरफेस न घेता लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकातून होईल का? होईल, पण समाधान होणार नाही. ते भोक हेडफोन आणि माइक दोन्हींचं आहे. त्यातला माइक मोनो असतो आणि बोलण्याच्या बारीक सिग्नलसाठी बनवलेला असतो. कीबोर्डचा हेडफोनचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा. आवाज फाटतो, स्टिरिओ जातो आणि विंडोज वरून आवाज 'सुधारायचा' प्रयत्न करतं, त्यात लांब धरलेला स्वर गोंगाट समजून दाबला जातो. कच्च्या सरावाला चालेल, गणपतीत लावायच्या रेकॉर्डिंगला नाही. केबल आणि इंटरफेसचे पैसे एकदाच जातात. पुढे मुलगी गायली तर माइकही त्यालाच लागेल.

आवाजात 'हंम्म' अशी घरघर येते का बघा. आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. घरघर गेली, तर दोष चार्जरच्या वाटेने येणाऱ्या अर्थिंगचा आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत कित्येक प्लगांना अर्थिंग नावापुरतंच असतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात ते त्याचंच लक्षण. कीबोर्डचा अॅडॉप्टर, लॅपटॉप आणि स्पीकर हे सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. घरघर थांबवायला चार्जरची तिसरी पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला आहे. घरघर न येता बारीक 'किर्र' आवाज येत असेल आणि माऊस हलवला की तो बदलत असेल, तर कीबोर्डची यूएसबी आणि ऑडिओ अशा दोन्ही केबल एकाच लॅपटॉपला लावल्याने अर्थिंगचा फेरा तयार झाला आहे. ऑडिओ रेकॉर्ड करताना यूएसबी काढून ठेवा.

मिडीची वाट मात्र सोडून देऊ नका. चुकलेला एकच स्वर दुरुस्त करायला, मागे व्हायोलिन किंवा स्वरमंडलाची साथ भरायला आणि मुलीची लय कुठे पळते ते डोळ्यांनी बघायला मिडीसारखी सोय नाही. तीही नीट लावून घेऊ.

केबल दोन मीटरच्या आतली घ्या: एका टोकाला चपटा ए प्लग, दुसऱ्या टोकाला चौकोनी बी. लॅपटॉपला फक्त सी पोर्ट असेल तर सी ते बी अशी सरळ केबल मिळते, जोडाला जोड लावण्यापेक्षा ती बरी. कॅसिओच्या सीटी-एस२००, सीटी-एस३०० या बारीक मॉडेलना मायक्रो यूएसबी लागते. तिथे घरातली मोबाइलची जुनी केबल लावली जाते आणि लॅपटॉप कीबोर्ड ओळखतच नाही, कारण चार्जिंगच्या पुष्कळ केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. हब मध्ये घालू नका, थेट लॅपटॉपला जोडा.

क्रम लक्षात ठेवा: केबल लावा, कीबोर्ड चालू करा, मग सॉफ्टवेअर उघडा. बरीच सॉफ्टवेअर मिडीची यादी सुरू होतानाच वाचतात. कीबोर्ड नंतर चालू केलात तर तो यादीत दिसत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्सच्या खाली कॅसिओ यूएसबी-मिडी असं नाव यायला हवं. याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजचा स्वतःचा चालतो.

संगीताचं सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मिडी-ऑक्स हा छोटा मोफत प्रोग्रॅम लावून बघा. पट्टी दाबली की त्यात एक ओळ उमटते आणि सोडली की दुसरी. ओळी उमटल्या म्हणजे केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक. पुढचा घोळ सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा. ओळी नाहीत तर घोळ अलीकडे. या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो. नंतर मिडी-ऑक्स आठवणीने बंद करा: विंडोजवर मिडीचं पोर्ट बहुतेक वेळा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतं, आणि ते अडकलं असेल तर दुसरा प्रोग्रॅम 'डिव्हाइस उघडता येत नाही' म्हणतो.

सॉफ्टवेअर म्हणून रीपर सुचवतो. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. ऑप्शन्समधून प्रेफरन्सेसमध्ये जा आणि मिडी इनपुटच्या यादीत कॅसिओ चालू करा. कंट्रोल-टी दाबून ट्रॅक घ्या, लाल बटणाने तो रेकॉर्डिंगला सज्ज करा, इनपुट म्हणून मिडी आणि सगळे चॅनल निवडा. मग एफएक्समधून एखादं वाद्य लावा. रीपरबरोबरच येणारा रीसिंथ चाचणीला पुरे. आता लॅपटॉपमधून पहिल्यांदा आवाज येईल.

तो उशिरा येत असेल, पट्टी आधी आणि स्वर मागून, तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून मग वाजवतो तो आवाजाचा तुकडा, मोठा आहे. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा सुमारे ६. दहाच्या वर गेलं की द्रुत लयीत हात अडखळतो. रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसमध्ये एसिओ (उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हरचा प्रकार) निवडा: इंटरफेस असेल तर त्याच्याबरोबरचा ड्रायव्हर, नसेल तर एसिओ४ऑल. बफर २५६ वर ठेवून बघा, कटकट आवाज आले तर ५१२. ब्लूटूथचा हेडफोन या कामाला बिलकुल नको, त्यात शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर सहज होतो आणि कुठलंही बटण तो कमी करत नाही.

एकाच पट्टीला दोन आवाज, एक कीबोर्डचा आणि एक लॅपटॉपचा, येत असतील तर कीबोर्डच्या फंक्शनमध्ये लोकल कंट्रोल (पट्टी दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजवणारी सेटिंग) बंद करा. काम झालं की परत चालू करा. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मुका होतो आणि घरात घबराट उडते.

काळी चारचं काय? मुलगी खरोखर काळी चारवर सा धरून वाजवत असेल तर काहीच करायला नको. पण बोटं पांढरी एकपासून ठेवून ट्रान्सपोज (सगळे स्वर सारख्या अंतराने वरखाली सरकवणं) उणे ४ केलेलं असेल, तर मिडीत कोणता नंबर जातो ते मिडी-ऑक्समध्ये बघा: ६० दिसला की ट्रान्सपोज बाहेर जात नाही, ५६ दिसला की जातो. ६० असेल तरच रीपरमध्ये चार अर्धस्वर खाली घ्या. दोन्हीकडे ट्रान्सपोज लागलं की सा आठ अर्धस्वर खाली, पांढरी तीनवर जाऊन बसतो आणि तानपुऱ्याशी भांडतो. मींडेचंही तसंच: चाकाची हद्द कीबोर्डमध्ये आणि सॉफ्टवेअरमधल्या वाद्यात एकच ठेवा, नेहमीची म्हणजे वरखाली दोन अर्धस्वर. एकीकडे दोन आणि दुसरीकडे बारा असेल तर रिषभापासून गंधारापर्यंतची मींड थेट पुढच्या सप्तकात पोचते.

रीपरचा मेट्रोनोम मुळात चार-चारचा असतो. भजनी ठेका आणि केरवा आठ मात्रांचे, ते दोन बारमध्ये नीट बसतात. दादरा असेल तर तीन-चार करा, रूपक असेल तर सात-चार, नाहीतर सम बारच्या रेघेवर कधीच पडत नाही आणि कापणं-जोडणं अशक्य होतं. ठेक्याचा टेम्पो कीबोर्डवर जो आकडा दाखवतो तोच प्रोजेक्टला द्या. रेकॉर्डिंग झाल्यावर पहिली सम धरून सगळा ऑडिओ बारच्या रेघेवर सरकवा.

ज्यांच्याकडे जुना कीबोर्ड आहे त्यांच्यासाठी. मागे पाच पिनांची दोन गोल भोकं असतील तर यूएसबी-मिडी केबल लागते. तिच्यावर 'इन' लिहिलेला प्लग कीबोर्डच्या आउटमध्ये जातो. संदेश दिसले नाहीत तर आधी प्लग अदलाबदल करा. यामाहाच्या पीएसआर-एफ५१सारख्या कीबोर्डना यूएसबीही नाही आणि गोल भोकंही नाहीत, तिथे हेडफोनची वाट एवढी एकच. आणि अॅडॉप्टर कधीही उसना लावू नका. यामाहाच्या घरगुती कीबोर्डना बहुधा १२ व्होल्ट, आतली पिन पॉझिटिव्ह. नव्या कॅसिओना बहुधा ९.५ व्होल्ट, आतली पिन पॉझिटिव्ह. पण एडी-५ अॅडॉप्टरवर चालणाऱ्या जुन्या कॅसिओना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह. प्लग बसला म्हणून लावला आणि कीबोर्ड गेला, असं होऊ शकतं. कीबोर्डच्या मागचं गोलाचं चिन्ह आणि अॅडॉप्टरवरचं चिन्ह शेजारी धरून बघा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि नेमकं गणपतीच्या तोंडावर एखादी पट्टी बिघडते. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटीत दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. धूळ आणि ओल बसली की ती वेळ चुकते. मिडी-ऑक्समध्ये एकेक पट्टी सारख्याच जोराने दाबत जा: शेजारच्या पट्ट्या ७०-८० दाखवतात आणि एकच सारखी १२७ दाखवते किंवा ओळच उमटवत नाही, तर रोग सापडला. कीबोर्ड वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला नेमका पट्टीचा नंबर सांगा आणि काळे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायला सांगा. संपर्कांवर तेलकट स्प्रे मारू देऊ नका. रेकॉर्डिंगच्या दोन आठवडे आधीच ही तपासणी करून घ्या, कारण गणपती जवळ आले की दुरुस्तीवाल्यांकडे मंडळांच्या अॅम्प्लिफायरची रांग लागते.